दोन वाफ्यांची पंगत

खांब गावात लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं उत्तरकार्य, गोड वाढायला मैनालाच बोलावणं जातं. भात कुणीही वाढतो, आमटीचं भांडं कुणाच्याही हाती देतात, पण बुंदीची परात मैनाच्याच कमरेवर. कारण एवढंच की तिच्या हातून सरपंचाच्या पानावर जेवढी मूठ पडते, तेवढीच गुरं राखणाऱ्या काळुरामाच्या पानावर पडते. तिचा नवरा सखा गोडावर जीव टाकणारा माणूस. दर पंगतीत तो तिच्याकडे आशेने बघतो आणि दर पंगतीत तोंडघशी पडतो. ‘‘घरची बायको वाढपी, आनि माज्या पानात काय, तर गावाला तेच मला,’’ असं तो चारचौघांत सांगत फिरतो. लोक हसतात आणि पुढच्या कार्याला पुन्हा मैनालाच बोलावतात.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्या जगाने केली त्याच जगात अशी बाई निपजते कशी, हा प्रश्न खांबमध्ये कुणाला पडत नाही. पडायला हवा. माणूस उगाच एवढा सरळ होत नाही. कुठेतरी काहीतरी सलत असतं.

मैना लहान होती तेव्हा तिचा बाप पेणच्या खोतांची जमीन कसायचा. पुढे कायद्याने ती जमीन त्याच्या नावावर झाली, पण सातबाऱ्यावरचं नाव बदललं म्हणून पंगतीतली जागा बदलत नाही. खोतांकडे लग्न निघालं, खांबच्या कुळांना आमंत्रण गेलं, आणि बाप मैनाला नवा परकर नेसवून पेणला घेऊन गेला. पाव्हण्यांची पंगत मांडवात होती. कुळांची पंगत मागच्या परसात, विहिरीच्या पलीकडे. मांडवात जिलबीचं ताट फिरताना मैनाने पाहिलं होतं. ते परसाच्या दारापर्यंत आलं, वाढणाऱ्याने मागे वळून काहीतरी विचारलं, आणि आतून बाईमाणसाचा आवाज आला, ‘‘तिकडे नको. तिकडे वरणभात पुष्कळ झाला.’’ मैनाने बापाकडे बघितलं. बापाने आपले दोन्ही हात पानावर आडवे धरले होते. जसं काही कुणी त्याला आग्रह करतंय आणि ह्याचं पोट गच्च भरलंय. ताट तर केव्हाच परत फिरलं होतं. त्या आडव्या हातांचा तिला जेवढा राग आला तेवढा परत गेलेल्या जिलबीचाही आला नाही. बाप पुढे पुष्कळ वर्षं जगला, पण त्या दिवसाबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

अशा बाईच्या शेतावर आसावरीने आपला प्रयोग मांडला.

आसावरी पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याच खोतांची नात. आता त्या घराकडे ना खोती ना कुळं; कुणी मास्तर, कुणी डॉक्टर, कुणी बँकेत. ते लग्न तिच्या जन्माआधीचं, तिला त्यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मैनाने मात्र आडनाव ऐकताच ओळखलं आणि ओठ मिटून घेतले. जुनी उणीदुणी उकरायची तिची रीत नाही. शेताच्या कडेला पोपटी लागली होती, मडक्यात शेंगा भाजत होत्या. मडकं फोडून तिने वालाच्या वाफाळत्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट ताईपुढे ठेवल्या, आणि ताई काय म्हणते ते ऐकून घेतलं.

ताईचं म्हणणं असं होतं. तुळशीच्या पानात तेल असतं, त्या तेलाचाच वास आणि त्या तेलातच औषध. जशी आपल्या अंगात संप्रेरकं असतात तशी झाडाच्या अंगातही असतात. कधी वाढायचं, कधी फुलायचं, कधी पान गाळायचं, हे ती ठरवतात. त्यांतलं एक बाहेरून फवारलं तर पानातलं तेल वाढतं, असं तिने कॉलेजच्या कुंड्यांमध्ये पाहिलं होतं. आता शेतात बघायचं होतं. तिचा मामेभाऊ ध्रुव पेणमध्ये तुळशीचा अर्क, बाम असलं काहीबाही बनवायचा. प्रयोग जमला तर तो खांबमध्येच तेल काढायचं मोठं भांडं बसवणार होता. गावाने त्या न आलेल्या भांड्याचं नावही ठेवून टाकलं, बंब.

बंब आला असता तर तो भाविकाने चालवायचा, असं ठरल्यात जमा होतं. भाविका ही मैनाची लेक. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली, नवरा वारल्यावर पोरीला घेऊन माहेरी परतलेली. नागोठण्याच्या बाजूला कारखान्यात कंत्राटावर होती, ते कंत्राट सुटलं. आता डोलवीकडे काम होतं, पण रोज खांबहून जाणं होण्यासारखं नव्हतं, तिकडेच खोली घेऊन राहावं लागणार होतं. म्हणजे लेक जाणार आणि लेकीबरोबर नातही जाणार. मैनाचा जीव त्या नातीत अडकलेला. बंब आला तर दोघी राहतील, नाही आला तर जातील, एवढं सोपं गणित होतं ते.

पुढच्या वर्षी भात कापून झाल्यावर शेतात तुळशीचे दोन वाफे घातले. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, मधे सगळा वाल. आसावरीने बांधावर उभं राहून नीट समजावलं.

‘‘मावशी, ह्या वाफ्यावर आठवड्यातून एकदा हे औषध फवारायचं. त्या वाफ्यावर नुसतं पाणी.’’

‘‘नुसतं पानी?’’

‘‘नुसतं पाणी. ह्यातला थेंबही नको. म्हणून तर वाफे लांब घातलेत. ह्याचा वाससुद्धा वाऱ्याने तिकडे जायला नको.’’

‘‘का वो ताई? त्यांनी काय घोडं मारलंय?’’

आसावरी हसली. ‘‘फरक कळायला नको का? एकाला द्यायचं, एकाला द्यायचं नाही, आणि मग बघत राहायचं.’’

तिने हे किती सहज म्हटलं. विज्ञानाचं पोरदेखील हे सहज म्हणेल, त्यात काही वावगं नाही. पण मैनाला पेणचं परस आठवलं. एक पंगत इकडे, दुसरी लांब तिकडे. इकडे वाढायचं, तिकडे नाही. तिकडे वाससुद्धा जाऊ द्यायचा नाही. आणि सांगणारी कोण, तर त्याच घरातली, तेच ‘नको’ म्हणणारी. मैना मान डोलावून ‘‘व्हय’’ म्हणाली. ताई गेल्यावर ती बांधावर बसून राहिली, आणि सखाने दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं तसं केलं. ह्या वाफ्यावर औषध, त्या वाफ्यावर पाणी. पाण्याचा पंप पाठीवर घेऊन ती लांबच्या वाफ्याशी उभी राहिली तेव्हा तिला त्या रोपांकडे बघवेना. वीतभर रोपं, कोवळी, सगळी तिच्याच हातची लावलेली. कुणी म्हणेल रोपांना काय कळतं. मैनालाही ते ठाऊक होतं. पण हात कुणाचा होता? तिचाच होता ना?

दुसऱ्या आठवड्यात तिने बाटलीतलं औषध पाण्यात कालवलं, अर्धं इकडे घातलं आणि अर्धं लांबच्या वाफ्यावर नेलं. घरात पाहुणा आला की आमटीत पाणी वाढवून सगळ्यांना पुरवतात, तसंच. झाडाच्या अंगाखांद्यावर तुषार उडवताना ती पुटपुटायची, ‘‘घे गो बाय. तू बी घे.’’ मग तिला बरं वाटायचं. रानात माणूस एकटा काम करतो तेव्हा झाडाशी बोलतोच, त्यात मैना काही वेगळी नव्हती. दर आठवड्याला तिने असंच केलं, आणि कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

शिमग्याच्या आधी तुळस कापली. दोन वाफ्यांचा पाला वेगवेगळ्या गोणींत भरून मैना आणि भाविका टेम्पोने पेणला गेल्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ध्रुवही येऊन बसला होता. आसावरीने दोन काचेच्या भांड्यांमध्ये पाला उकळायला ठेवला. वाफ नळीतून थंड होत आली आणि खालच्या बारीक नळ्यांमध्ये पाण्यावर पिवळसर तेल तरंगायला लागलं. मैना डोळे फाडून बघत होती. आपल्या शेतातला पाला असा थेंब थेंब होऊन काचेत उतरतो, हे तिला खरंच वाटेना.

शेवटी आसावरीने दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. तेलाच्या दोन्ही रेघा एकाच उंचीवर होत्या.

मैनाचा चेहरा फुलला. ‘‘सारकं आलं. बघ गो भाविका, दोनी अगदी सारकं.’’

आसावरीने नळ्या खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, पुन्हा बघितल्या. मग ती स्टुलावर बसली. ध्रुवने खुर्ची मागे सरकवली.

‘‘म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तेल बरं आहे, पण ते तुमच्या मातीचं असेल. फवारून काडीचा फरक पडत नाही. मग मी खांबला भांडं कशाला बसवू, ताई? माणगावच्या बाजूचे लोक मागे लागलेत, त्यांना हो म्हणतो.’’

भाविका खिडकीतून बाहेर बघायला लागली. तिला सोमवारी डोलवीला कळवायचं होतं. मैनाने लेकीची पाठ बघितली, ताईचा उतरलेला चेहरा बघितला, आणि सारखं आलं ह्यात वाईट काय झालं हे तिला कळेना. मोठी माणसं सारखं आल्यावर तोंड पाडून बसतात, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

‘‘ताई,’’ ती म्हणाली, ‘‘सारकंच येनार ना. मी दोनीकडं दिलंय.’’

आसावरीने मान वर केली. ‘‘काय दिलंत?’’

‘‘औशद. पयल्या खेपेला तेवडं नाय दिलं. मंग अर्दं-अर्दं केलं.’’

आसावरी आ वासून तिच्याकडे बघत राहिली. शिकलेल्या माणसाचं असं तोंड उघडं पडलेलं बघायला मजा वाटते, पण त्या खोलीत मजा वाटण्याची कुणाची स्थिती नव्हती. ध्रुवने कपाळाला हात लावला. भाविका वळली ती लालबुंद होऊन.

‘‘आये, तुला त्यांनी नको म्हनून सांगितलं होतं ना?’’

‘‘सांगितलं होतं.’’

‘‘मावशी,’’ आसावरीचा आवाज चिरका झाला होता, ‘‘माझा अख्खा हंगाम गेला. एका वाफ्याला नाही दिलं असतं तरच कळलं असतं ना दिल्याने काय होतं. का केलंत तुम्ही असं?’’

मैनाला आता कळलं. सगळं एकदम कळलं. जे भांडं गावात आणायचं, ज्याच्यापायी लेक राहायची, नात राहायची, ते तिनेच स्वतःच्या हाताने घालवलं होतं. तेही कसं, तर ज्या एका गुणापायी गाव तिचं नाव घेतं त्या गुणाने. असा घाला कुणावर यायला नको. चोरी केली असती तर निदान चोरी केली असं म्हणता आलं असतं.

ती खोटं बोलली नाही. कुणी ‘का’ विचारलं तर सांगायचं टाळावं, तेही तिला जमलं नाही. ‘‘तुमच्या घरी लगीन होतं,’’ ती म्हणाली, आणि परसातली पंगत, विहीर, आतून आलेलं बाईमाणसाचं ‘तिकडे नको’, दारातून परत फिरलेलं ताट, पानावर आडवे धरलेले हात, सगळं सांगून टाकलं. कुणाला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, ‘‘लांब बसवून नाय वाढायचं, ते माज्या हातून नाय झालं, ताई.’’

आसावरीचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी जे आलं ते रागाहून वाईट होतं. आजीचा तो आवाज तिने लहानपणी घरात रोज ऐकलेला होता. ‘तिकडे नको’ म्हणताना तो कसा लागत असेल ते तिला चांगलं ठाऊक होतं. माफी मागावी तर ती कुणाच्या वतीने, आणि एवढ्या वर्षांनी त्या माफीचं मैनाने करायचं काय? मग माणूस अवघडला की जे हाताशी असेल ते बोलतो तशी ती बोलली.

‘‘पण मावशी, ते काही गोडधोड नव्हतं हो. ते खत नव्हे, टॉनिक नव्हे.’’

‘‘मंग?’’

‘‘किडा पान कुरतडायला लागला की झाडाच्या अंगात हे तयार होतं. त्याने सगळ्या पानांना खबर जाते की हल्ला झालाय. मग झाड वाढ थांबवतं आणि सगळी ताकद तेलात घालतं, किड्याला हाकलायला. आपण किडा न सोडताच ती खबर फवारतो.’’

मैनाला ते एका झटक्यात समजलं. नागोठण्याला तिची बहीण दिलेली होती. तिथे अंबा नदीला पूर आला म्हणून आरोळी उठली की माणसं कशी उठतात, काय उचलतात आणि काय टाकतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘‘म्हंजे पूर नसताना पूर आला म्हनून वरडायचं,’’ ती म्हणाली.

‘‘हो. तसंच.’’

‘‘आनि ती घाबरून तेल देते.’’

‘‘घाबरून असं नाही म्हणता येत. झाडाला काही आपल्यासारखं...’’ आसावरी थांबली. ‘‘हो. तसं म्हणा.’’

‘‘आनि आपन वास घेऊन म्हनतो, काय झकास वास हाय.’’

आसावरीने तेलाच्या नळ्यांना बुचं लावली.

पहिला धक्का नुकसानीचा होता. तो पचवता आला असता, नुकसान शेतकऱ्याला नवं नाही. हा दुसरा मात्र तिच्या अंगात खोलवर गेला. घे गो बाय, तू बी घे, म्हणत तिने त्या लांबच्या वाफ्याला काय वाढलं होतं? जी एक रांग सुखाने वाढली असती, जिला कुणी हात लावणार नव्हतं, तिच्यापर्यंत ती मुद्दाम चालत गेली होती आणि प्रेमाने तिच्या अंगावर भीती शिंपडून आली होती. तेही तुळशीच्या. दारातली तुळस देव आणि शेतातली तुळस पीक, अशी तिने मनाची समजूत घातली होती. ती समजूत त्या खोलीत टिकेना. तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिला ते पुसायचंही सुचलं नाही. ध्रुवला वाटलं, बाई भांडं गेलं म्हणून रडतेय.

तो तसा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, ‘‘ठीक आहे, अजून एक हंगाम थांबतो. पण माणूस बदला, ताई. ह्यांच्या हाती नको.’’

‘‘ह्यांच्याच हाती राहील,’’ आसावरी म्हणाली. ‘‘दुसरं कुणी चुकलं तर ते मला सांगणारसुद्धा नाही.’’

भाविका डोलवीला गेली. जाणं भागच होतं, अख्खा एक हंगाम काही पोटाला चिमटा काढून निघत नाही. पोरीला घेऊन गेली. गाडीत बसताना ती आईशी धड बोलली नाही. मैनानेही तिला थांबवलं नाही. थांबवायचं कोणत्या तोंडाने? घर एवढं सुनं झालं की सखा पंगतीतल्या बुंदीबद्दलही बोलेनासा झाला. त्या पावसाळ्यात गावात कार्यं झाली, मैनाला बोलावणी आली, ती गेली. परात कमरेवर घेऊन वाढताना तिला सारखं वाटायचं, आपण काय वाढतोय ते आपल्याला ठाऊक आहे असं आपण कशावरून धरून चाललो?

भातं झाली, पुन्हा वाफे घातले. ह्या खेपेला समजावून सांगायची गरज नव्हती. मैनाने बाटलीतलं औषध पाण्यात कालवलं, पंप पाठीवर घेतला आणि जवळच्या वाफ्याशी उभी राहिली. आता तिला ठाऊक होतं ती काय करतेय. नातीचं नाव मनात धरून ती सरळ रेघेत फवारत गेली, एकही झाड सुटलं नाही, आणि मग लांबच्या वाफ्याला नुसतं पाणी घालून घरी आली. आपण हे इतक्या सहज करू शकतो, ह्याचंच तिला नवल वाटलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आठवडे गेले तसा फरक दिसायला लागला. फवारलेली तुळस खुरटी राहिली, पानं बारीक, रंग गडद. पण वास असा की वाटेने जाणारा माणूस बांधावर थबकायचा. ‘‘काय गो मैना, कसली जात लावलीस?’’ धोंडुबाई नावाची शेजारीण तर पानं चुरगाळून पदराला पुसून जायची. लांबची तुळस उंच, पोपटी, पानं वाऱ्यावर हलणारी, वास म्हणाल तर साधा, चहात घालण्यापुरता. तिच्यापाशी कुणी थांबत नसे. मैना मात्र पाणी घालून झालं की तिच्यापाशीच जाऊन बसायची.

पेणला नळ्या पुन्हा उजेडाकडे धरल्या तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. एका नळीतली रेघ दुसरीच्या जवळजवळ दुप्पट वर होती. ध्रुवने जागेवरूनच टाळी वाजवली. आसावरीने मैनाचे हात धरले. मैनाने भाविकाला फोन लावला आणि ‘‘ये’’ एवढंच म्हणून ठेवून दिला.

बंब आला. मैनाच्या शेताच्या कडेला पत्र्याची शेड उभी राहिली, भाविका पोरीला घेऊन परतली, आणि पहिल्याच दिवशी अर्धं गाव वाफ कशी निघते ते बघायला लोटलं. ध्रुव आणि आसावरी पेणहून आले होते. ध्रुव बांधावर उभा राहून हात पसरून सांगत होता, इथून तिथपर्यंत सगळी तुळस, वाल निघाला की तिथेही तुळस, आणि आता सगळ्यावर फवारायचं. प्रयोग संपला, लांबचा वाफा वेगळा ठेवायचं काही कारण नाही, तोही धरायचा.

‘‘सगळ्याला फवारीन,’’ मैना म्हणाली. ‘‘पर त्या वाफ्यातली एक रांग नाय.’’

‘‘एक रांग?’’ ध्रुवला वाटलं तिला अजून हिशेब कळलेला नाही. ‘‘मावशी, तुलना झाली. आता तिचा काही उपयोग नाही.’’

‘‘ठाव हाय. उपेग नाय. नुसती ऱ्हाईल.’’

‘‘कापायची पण नाही?’’

‘‘नाय.’’

ज्या बाईने सख्ख्या नवऱ्याच्या पानात बुंदीचा एक दाणा जास्त पडू दिला नाही, दोन वाफ्यांत भेद नको म्हणून वर्षभराची मेहनत आणि लेकीचं काम घालवलं, ती एवढ्या शेतातली एक रांग बोटाने दाखवून वेगळी काढत होती.

‘‘मावशी,’’ आसावरी हळूच म्हणाली, ‘‘हा दुजाभाव झाला.’’

‘‘व्हय,’’ मैना म्हणाली. ‘‘करते.’’

ध्रुव म्हणाला, एका रांगेचं तेल बुडेल. बुडू दे, असं मैना म्हणाली, आणि बंबाखालचा जाळ कमी पडतोय म्हणून भाविकाला आणखी लाकडं सारायला सांगितली.